हिराजीच्या फेऱ्या

वजन उतरवायला म्हणून पोहायला येणारा माणूस पहिल्या दिवशी पाण्यात उतरतच नाही. तो काठावर उभा राहतो, पाणी किती खोल आहे ते विचारतो, तळाशी गाळ आहे का, साप येतात का, याची चौकशी करतो, आणि सदरा काढायची वेळ आली की त्याला घरचं काहीतरी काम आठवतं. पाण्याची भीती त्याला नंतर वाटते. आधी भीती वाटते ती आपलं पोट चारचौघांत उघडं पडण्याची. म्हणून मोठ्या माणसांचा वर्ग मी उजाडता उजाडता घ्यायचो. तळ्यावर धुणं धुवायला बायका यायच्या आत ही मंडळी पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली असली, की त्यांची अब्रू शाबूत राहायची.

पनवेलच्या एका व्यायामशाळेत माझी उभी हयात गेली. आखाडा दुसऱ्यांकडे होता, तळं माझ्याकडे. संपादकांनी या अंकासाठी 'पोहण्याचे फायदे' असा विषय दिला होता. फायदे कोणीही सांगेल. मला त्या पाण्यात आलेली माणसं आठवतात, त्यांच्याबद्दल लिहितो.

आधी धंद्याची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पोराला शिकवायचं तर पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा बांधायचा आणि ढकलून द्यायचं. चार दिवस रडतं, पाचव्या दिवशी बाहेर यायला तयार नसतं. मोठ्या माणसाला ढकलता येत नाही. तो जाताना तुम्हालाही गळ्यात मिठी मारून घेऊन जातो. त्याला आधी पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शिकवायचं, मग केळीच्या खोडाचा तुकडा हातात देऊन नुसते पाय मारायला लावायचे, आणि मग हळूच एक दिवस ते खोड काढून घ्यायचं. लठ्ठ माणसाला तर डबाही लागत नाही. चरबी पाण्यावर तरंगते. सडपातळ माणूस महिनाभर धडपडून जे शिकतो, ते लठ्ठ माणसाला आईच्या पोटातून मिळालेलं असतं. तो उताणा पडतो आणि आभाळाकडे बघत खुशाल तरंगत राहतो. पण तरंगल्यानं चरबी जात नाही. त्यासाठी फेऱ्या माराव्या लागतात, एक सावकाश, एक दम लागेल अशी, मधे थोडं थांबून पुन्हा तसंच. हे रोज, आणि महिनोन् महिने.

आणि एक गोष्ट. पाणी भूक लावतं. थंड पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला दगडही पचेल असं वाटतं. आमच्याकडे एक वकील यायचे. अशील कोर्टात आपल्याकडे न बघता आपल्या पोटाकडे बघतात, अशी त्यांची तक्रार होती. वकीलसाहेब मनापासून पोहायचे आणि तितक्याच मनापासून समोरच्या हॉटेलात बसून भजी खायचे. मी हटकलं तर म्हणायचे, "मास्तर, आत्ताच जाळलंय ना, त्याची भरपाई नको का?" शिमग्यापर्यंत त्यांचा कोट आणखी घट्ट झाला. मला वाईट वाटलं नाही. वकिलांचं पोट वाढल्यानं कोणाचा जीव जाणार नव्हता.

हिराजीचं तसं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. दसरा होऊन तळ्याचं पाणी निवळलं की माझे वर्ग सुरू व्हायचे, तेव्हा आमच्या गावातल्या डॉक्टरांनी हिराजीला माझ्याकडे पाठवलं. हा रोडपालीचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. बापाच्या मागे तो मिठागरावर गेला नाही, पनवेलला भाताच्या गिरणीवर देखरेखीला लागला. दिवसभर बाकावर बसून तो असा सुटला होता, की बाकाचा एक पाय पाचर मारून घट्ट केलेला मी स्वतः पाहिला आहे. तिशी-पस्तिशीचा असेल. बायको होती, आई होती. स्वभावानं गरीब. त्याला अंतर्गळ झाला होता. जांघेत आतडं उतरायचं, निजलं की आत जायचं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवलं, तेव्हा तिथल्या सर्जननं सांगितलं की एवढ्या चरबीत टाके धरणार नाहीत, आणि भुलीत याचा श्वास अडकला तर मी जबाबदार नाही. आधी पोट उतरवून आणा, मग बघू. आणि उतरलेलं आतडं कधी आत जायचंच राहिलं, पीळ पडला, तर माणूस हातचा जाईल.

पळणं बंद, दंड-बैठका बंद, ओझं उचलणं बंद. मग चरबी उतरवायची कशी? डॉक्टर म्हणाले, "पाण्यात अंगाचा भार पाणी घेतं. लंगोट घट्ट बांधा, जोर करू देऊ नका, आणि मारून घ्या याच्याकडून फेऱ्या."

मी हिराजीला म्हटलं, "खाडीकाठचा आगरी माणूस तू, आणि पोहायला येत नाही?"

तो खाली बघून म्हणाला, "आयेनं कवा पान्यात जाऊच दिला नाय, मास्तर."

मी कारण विचारलं नाही. गिरणीवर भात घेऊन येणाऱ्या बैलगाडीत बसून तो पहाटे यायचा. लंगोट मी माझ्या हातानं बांधायचो, कारण त्याला तो बांधताना वाकता येत नव्हतं. शिकला मात्र लवकर. श्वास साधला, पाय साधले, आणि खोड काढून घेतलं तरी तो बुडेना. पहिल्यांदा उताणा तरंगला तेव्हा त्याच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी अजून विसरलो नाही. जमिनीवर त्या देहाचं त्याला ओझं होतं, पाण्यात तो देह त्याला फुलासारखा झाला होता. मी शिट्टी मारमारून त्याला पालथं करायचो. तो दोन फेऱ्या मारायचा आणि पुन्हा उताणा.

तरी पहिल्या महिन्यात फरक पडला. गिरणीच्या काट्यावर तो स्वतःला तोलून यायचा आणि मला सांगायचा. गळ्याखालची वळी गेली. मग उतरणं थांबलं. मी फेऱ्या वाढवल्या. त्याचे दंड भरले, दम वाढला, पण काटा हलेना. आणि पौषात तो उलटा फिरला.

मी चिडलो. वकील आठवले. म्हटलं, "खरं सांग, कुठं भजी खातोस?"

"देवाशपथ नाय, मास्तर. घरचंच खातो."

घरचं म्हणजे काय, ते बघायला मी एका रविवारी सायकल काढून रोडपालीला गेलो. दुपारच्या जेवणाची वेळ गाठून मुद्दामच गेलो. घर सारवलेलं, लखलखीत. हिराजी पाटावर बसलेला. त्याची आई, जनाबाई, समोर बसून वाढत होती. तांदळाच्या भाकरीवर तूप, तुपावर गूळ. खोबरं वाटलेलं मासळीचं कालवण. भाताचा ढीग, त्यात पुन्हा तूप. बाजूला पितळेच्या पेल्यात दूध, त्यात वाटलेले बदाम. सून मागं चुलीपाशी उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी फौजदार आहे आणि तिला हवाच होतो.

"मावशी, हे काय?" मी विचारलं.

"खुराक," जनाबाई म्हणाली. "तालमीत जानाऱ्याला खुराक लागतो, हे काय तुमाला मी सांगू?"

आमच्या आखाड्यात हीच शिकवण होती. जोर मारतो त्यानं दूध-तूप खावं, खाईल त्याच्याच अंगाला लागेल. गावोगावच्या आया हेच ऐकत आल्या. अंग कमावायला जाणाऱ्यालाच लोक ओळखत होते. अंग घालवायला कोणी व्यायामशाळेत जातं, हे त्या माउलीनं जन्मात ऐकलं नव्हतं. मी तिला समजावू लागलो. आतडं, चरबी, सर्जन, टाके, सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता मुलाच्या भातावर आणखी तूप घालत होती. हिराजी मान खाली घालून जेवत होता.

शेवटी माझा आवाज चढला. "मावशी, असं खाऊ घालून तुम्ही त्याला मारणार आहात."

तिनं तुपाची वाटी खाली ठेवली. मुलाला म्हणाली, "तू जेव." मला घेऊन ओटीवर आली.

"तुमी मानूस बारीक होऊन मरताना बगितला हाय?" तिनं विचारलं.

ती ओटीच्या कडेला टेकली.

"माजा थोरला. गोविंदा. याच्यापरास दांडगा व्हता. खोकला लागला आनि सुकाया लागला. वैदू झाले, डाक्टर झाले. एक दिवस त्याचा करगोटा कमरेवरून खाली घसरला. मी गाठ मारून लहान केला. म्हैन्यानं पुन्यांदा घसरला. पुन्यांदा गाठ मारली. तिसऱ्या टायमाला गाठ माराया तो ऱ्हायलाच नाय." तिनं आत जेवणाऱ्या हिराजीकडे बोट केलं. "आनि कार्तिकाच्या पुनवेला याचा घसरला. तुमी त्याला पान्यात घालताव, म्हनून घसरला. मना अक्कल शिकवू नका."

क्षयानं थोरला गेल्यावर तिनं या धाकट्याला थंडीत, वाऱ्यात, पाण्यात जाऊ दिलं नव्हतं. त्याच्या अंगावरचं मांस हा तिला त्याच्या जिवंतपणाचा पुरावा वाटत होता. आणि तोच पुरावा मी रोज सकाळी तळ्यात विरघळवत होतो. मी सायकल घेतली आणि परत आलो. येताना कळंबोलीच्या वाटेवर मला फार उदास वाटलं, कारण तिच्याशी कसं भांडायचं हेच मला समजत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, गिरणीवर दुपारी हिराजीचं आतडं उतरलं ते आत जाईना. तो गडाबडा लोळू लागला, उलट्या होऊ लागल्या. गड्यांनी बैलगाडीत घालून त्याला डॉक्टरांच्या दवाखान्यात आणलं. दवाखाना तळ्याच्या अंगालाच होता, मी धावत गेलो. गाडी पाठवून जनाबाईलाही आणलं होतं. डॉक्टरांनी टेबलाचे पायाकडचे पाय विटांवर चढवले, शेक दिला, आणि त्या चरबीच्या थरांतून बोटांनी चाचपत बराच वेळ ते आतडं आत सारायची खटपट करत राहिले. हिराजीचा ओरडा रस्त्यावर ऐकू जात होता. जनाबाई दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती.

ओरडा थांबला तेव्हा ती भिंतीवरून घसरत खाली बसली. तिला वाटलं, संपलं.

डॉक्टर घाम पुसत बाहेर आले. "आज गेलं आत," ते तिला म्हणाले. "पुढच्या वेळेला नाही गेलं, तर हा मुंबई बघणार नाही. चरबी उतरवायची का नाही, ते तुम्ही ठरवा."

चार दिवसांनी, उजाडायच्या सुमाराला, गिरणीच्या बैलगाडीतून हिराजी उतरला आणि त्याच्या मागून जनाबाई उतरली. मला म्हणाली, "आता वाढायचं सुनंकडं दिलंय. पली मी हातात घेत नाय."

हे वाक्य तिनं सहज टाकलं, पण ज्यांना आपल्याकडची घरं माहीत आहेत त्यांना त्याचं मोल कळेल. सासू जिवंत, धडधाकट असताना पळी सुनेच्या हाती देते ती केव्हा? जनाबाईनं स्वतःचा हात स्वतःच बांधून घेतला होता, कारण तो हात ऐकणार नाही हे तिला ठाऊक होतं.

ती रोज यायला लागली. इथे माझी एक जुनी खंत सांगून टाकतो. शाळेतल्या एका बाईंनी एकदा मला विचारलं होतं, बायकांसाठी एखादा वर्ग घ्याल का. मी चालकांकडे विषय काढला, तर ते असे हसले की मला पुन्हा तोंड उघडवेना. इतकी वर्षं त्या घाटावर वर्गाच्या वेळेला बाईमाणूस फिरकलं नव्हतं. जनाबाई मात्र सरळ येऊन पायरीवर बसली. वकिलांनी घाईघाईनं गळ्यापर्यंत बुडी घेतली. ती कोणाकडेही बघत नव्हती. ती पाण्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसायची.

"मावशी, इकडे तोंड करा," मी एकदा म्हटलं. "बघा तरी, कसा पोहतो तुमचा हिराजी."

"मना आवाज येतो. तेवरा पुरे."

तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. सदरा काढताना बरगड्यांच्या जागी खळगे दिसू लागले होते, ते तिला बघायचे नव्हते. पण कान तिचे पाण्यात असायचे. हात मारल्याचा चुबुक-चुबुक आवाज येत राहिला की ती स्वस्थ. आवाज थांबला की मान ताठ व्हायची आणि लगेच हाक, "हिराजी!"

"हाय, आये!" पाण्यातून उत्तर यायचं.

पहिले दोन दिवस मी वैतागलो. घाटावर असा आरडाओरडा म्हणजे वर्गाची शिस्त गेली. मग माझ्या ध्यानात आलं की हिराजीचं उताणं तरंगणं बंद झालं आहे. तरंगताना आवाज होत नाही ना! आवाज थांबला की आईची हाक, आणि ओ देऊन पुन्हा फेरी सुरू. माझ्या शिट्टीनं चार महिन्यांत जे झालं नव्हतं, ते त्या हाकेनं एका आठवड्यात केलं. मी शिट्टी खिशात ठेवली.

तो झपाट्यानं उतरू लागला. जेवण निम्म्यावर आलं होतं, फेऱ्या दुपटीवर. जसजसा उतरला तसतसं त्याचं पाण्यातलं अंग जड झालं. आता उताणा पडला की पाय खाली जायचे. एकदा घाबरून पाणी प्यायला, मला म्हणाला, "मास्तर, आधी मना पानी उचलायचं, आता उचलत नाय." मी म्हटलं, "आता तूच तुला उचल." त्याला ते फारसं आवडलं नाही. शरीरातली एक मजा गेल्याचं दुःख त्याला झालं होतं, आणि मला ते खोटं वाटलं नाही.

घरची हकीकत सूनबाईकडून कळायची. हिराजी जेवायला बसला की जनाबाई उठून अंगणात जायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत आत यायची नाही. करगोटा घसरला की आता हिराजी स्वतःच गाठ मारायचा आणि आईपासून लपवायचा. ती विचारायची नाही.

वैशाखात मुंबईच्या सर्जननं त्याला तपासलं आणि दाखल करून घेतलं. मी त्यांच्याबरोबर होतो. हिराजीला आत नेलं आणि आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. बाकीच्या नातेवाइकांकडे डबे होते, फडक्यात बांधलेली फळं होती. जनाबाईच्या हातात काही नव्हतं. आपले रिकामे हात ती मांडीवर उलटेसुलटे करून बघत होती. ऑपरेशन नीट पार पडलं. नर्सनं सांगितल्यावर जनाबाईनं त्या नर्सच्याच पायांना हात लावला. नर्स लाजून पळाली.

पुढे पावसाळाभर हिराजी घरी होता. दसरा झाला, पाणी निवळलं, आणि डॉक्टरांनी हळूहळू पोहायला परवानगी दिली. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा जनाबाईही गाडीतून उतरली. आता तिनं यायचं काही कारण नव्हतं. मी म्हटलंही तसं. तिनं ते कानाआड केलं. पायरीवर येऊन बसली, आणि या वेळेला पाण्याकडे तोंड करून बसली.

हिराजीनं सदरा काढला. कामाच्या माणसाचं असावं तसं सडसडीत अंग झालं होतं. बरगड्या दिसत होत्या, पोटाशी टाक्यांचा व्रण होता. तो आईकडे बघून संकोचला आणि पटकन पाण्यात शिरला. ती त्याच्याकडे एकटक बघत राहिली. तो पलीकडे गेला, वळला, परत येऊ लागला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "आता का रडता? बरा झाला ना तो?"

"असाच दिसाचा गोविंदा," ती म्हणाली. "शेवट शेवट असाच. मी त्याच्याकडं बगतच नव्हते, मास्तर. बगवत नव्हतं. ताट सरकवाची आनि तोंड फिरवून बसाची. तो मना म्हनाचा, आये, इकडं बग ना. मी नाय बगितलं. तोंड फिरवलेलं असतानाच गेला तो."

इतकी वर्षं मी त्या घाटावर माणसांना हुकूम सोडत आलो होतो, पण तेव्हा मी नुसता तिच्याशेजारी पायरीवर बसलो. हिराजी काठाला लागला. धापा टाकत, पायरीला धरून त्यानं वर बघितलं. आईचा चेहरा बघून तो घाबरला. "काय झालं, आये? येऊ का भायेर?"

जनाबाईनं पदरानं डोळे कोरडे केले. "नको येऊस," ती म्हणाली. "जा. आनखी एक फेरी मार. मना नीट बगू दे."